ओल्या पोत्याखालचा हात

दोन वर्षं मी तीर्थ घेतलं नाही. औंढ्याजवळच्या आमच्या गावात दत्ताचं लहानसं देऊळ आहे. गुरुवारची आरती झाली की पुजारीबाबा पळीनं तीर्थ देत फिरायचे आणि मी खांबाआड सरकायचे. माझ्या उजव्या हाताची बोटं उघडत नव्हती, आणि तीर्थासाठी डावा हात पुढं करायला मन धजत नव्हतं. देवावर रागही होता. ज्या हातानं लहानपणापासून तुला फुलं वाहिली, नेमका तोच का घेतलास, असं मी आरतीच्या गलक्यात मनातल्या मनात विचारायचे. मोठ्यानं विचारायची हिंमत नव्हती. मी मुळातच भित्री.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण झिजत जातं, वायरीवरचं प्लास्टिक सोलावं तसं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गावानं मात्र लकवा ठरवून टाकला. सासूबाईंनीही. त्यांच्या माहेरी कुणाचा तरी लकवा शेकून बरा झाला होता. म्हणून त्या रोज सकाळी तिळाचं गरम तेल लावून माझा हात चोळायच्या, तापलेल्या विटेनं शेकायच्या आणि वारा लागू नये म्हणून वर लोकरीचा मोजा चढवायच्या. शेकल्यावर हात आणखीच जड पडतो, हे मला कळत होतं. पण पासष्टीच्या त्या बाईनं गुडघे धरत चुलीपुढं बसायचं आणि मी तोंड वर करून ‘नको’ म्हणायचं, हे काही मला जमलं नाही.

त्यातच परभणीच्या एका केंद्रात हाताच्या उपचारासाठी रोबोट आल्याचं समजलं. रोबोट म्हटल्यावर मला वाटलं, माणसासारखा काहीतरी चालत येईल. निघालं टेबलावरचं एक यंत्र. त्यात हात ठेवायचा, एकेक बोट पट्टीनं बांधायचं. समोर पडद्यावर आंब्याचं झाड आणि टोपली. बोटं मिटली की आंबा पकडला जायचा, उघडली की टोपलीत पडायचा. आपला जोर जेवढा कमी पडेल तेवढाच जोर यंत्र लावायचं, आणि आपला वाटा किती हे शेवटी पडद्यावर दाखवायचं. माझा वाटा रोज तळाशीच. तीन आठवड्यांनी चाचणी होणार होती. हाताची स्वतःची हालचाल वाढलेली दिसली तर उपचार पुढं चालणार, नाहीतर ती जागा यादीतल्या दुसऱ्या पेशंटला जाणार. त्या तीन आठवड्यांत मला धड झोप लागली नाही. जेवताना, भांडी विसळताना, सारखा तो पडदा डोळ्यांपुढं यायचा.

पहिल्याच दिवशी तिथल्या फिजिओ मॅडमनी विचारलं होतं, घरी आणखी काही उपचार करता का? मी सरळ नाही म्हणाले. त्या रागावतील ही भीती, आणि चारचौघांत सासूबाई अडाणी ठरतील ही दुसरी. उन्हातून सांभाळून या, एवढं त्यांनी बजावलं होतं, म्हणून मी छत्री न्यायचे. छत्रीच्या सावलीत लोकरीचा मोजा! केंद्राच्या दारात तो काढून पिशवीत लपवायचा आणि आत जायचं, असा माझा शहाणपणा चालला होता.

चाचणीच्या दिवशी मी एकटीच निघाले. शेतात हळद शिजत होती, माझ्या मालकांना निघता येईना. जवळा बाजारला एसटी बंद पडली. त्या दिवशी नेमका तिथला आठवडी बाजार, माणसांनी रस्ता भरलेला. कंडक्टरनं मागून दुसरी गाडी येतेय असं सांगितलं, पण कधी ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी कडेच्या दगडावर बसले. छत्री गाडीतच राहिली होती. मोज्यातली बोटं हलवून पाहिली, एकही हललं नाही. डोळ्यांपुढं अंधारी आली. आजवर मी देवाला हात माग, चाचणी माग, असं सारखं मागतच आले होते. त्या घडीला मागायचंही बळ राहिलं नाही. ‘दत्ता, आता तूच बघ,’ एवढंच म्हणाले आणि खरोखर सोडून दिलं.

“काहून बसली गं उन्हात? चक्कर येऊन राहिली का?”

तांड्यावरची एक बंजारा आजी होती, कोपरापर्यंत बांगड्या घातलेली. ताडपत्रीखाली काकड्या विकायला बसली होती. तिनं मला दंडाला धरून सावलीत ओढलं आणि मोजा पाहून कपाळाला हात लावला.

“उन्हाळ्यात लोकर? कुनी घातली ही?”

“सासूबाईंनी.”

“जिवावर उठली का काय सासू?”

“न्हाई हो. लई माया करतात.”

“मंग तिला म्हनाव, जरा थंड माया कर.”

मला हसू फुटलं. कित्येक दिवसांनी हसत होते. तिनं मोजा ओढून काढला आणि माझा हात काकड्यांवर झाकलेल्या ओल्या पोत्याखाली सरकवला. तोंडावर पाणी मारलं. गार काकड्यांत हात ठेवून मी किती वेळ बसले कोण जाणे. जीव शांत होत गेला.

“घे त्यातली एक अन् खा,” ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळत म्हणाली.

मी हात बाहेर काढला तर त्यात काकडी होती. उजव्या हातात. लगेच निसटून पडली, पण बोटं उघडली होती आणि मिटलीही होती. मी रडायला लागले. आजीला वाटलं चक्करच असेल. गाडी आली तेव्हा तिनं एक फडकं भिजवून माझ्या हाताला गुंडाळलं.

उशीर होऊनही मॅडमनी चाचणी घेतली. पडद्यावर माझा वाटा पहिल्यांदाच तळातून वर सरकला. त्या चकित झाल्या. मग मात्र मला राहवेना, तेल, वीट, मोजा, सगळं कबूल केलं. अंग तापलं की या आजारात नसांचा निरोप आणखी मंदावतो, गार झालं की थोडा सुधारतो, असं त्यांनी समजावलं. माझी जागा राहिली.

घरी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चूल थंड होती. त्यांनी माठातल्या पाण्यात टॉवेल पिळला आणि माझ्या हाताला लपेटला.

पुढच्या बाजाराला मी त्या आजीला भेटायला गेले. तिनं मला ओळखलंच नाही. “लई बाया येतात, पोरी,” म्हणाली. माझं आयुष्य सावरलं ते तिच्या लक्षातही नव्हतं. देणारा असाच देत असावा.

आजार गेलेला नाही. काही दिवस हात ऐकतो, काही दिवस नाही. भीतीही अधूनमधून येते. पण आता खांबाआड जात नाही. जेवढं आपलं बळ तेवढं आपण लावावं, उरलेलं त्याच्यावर सोडावं, हे मी त्या यंत्राकडून आणि त्या पोत्याखाली शिकले. मागच्या गुरुवारी पुजारीबाबा समोर आले तेव्हा मी उजवा हात पुढं केला. बोटं अर्धीच उघडली आणि तीर्थ सांडू लागलं. पण ते जमिनीवर पडलं नाही. खाली सासूबाईंनी आपली ओंजळ धरली होती.