चोवीस नंबरचा फॉल्ट

गॅरेजवाला किस्से जमवत नाही हो, ते साचतात. जुन्या नटबोल्टांच्या डब्यासारखं. फेकायचं राहून जातं आणि एक दिवस डबा भरलेला दिसतो. त्यात ऑटोमॅटिक गाडी आली की एक किस्सा नक्की!

अक्कलकुव्यात हायवेला आमचं गॅरेज आहे, माझं आणि माझ्या पार्टनरचं, बापूंचं. मला एका जागी बसवत नाही. हातात पाना, कानाला फोन, लक्ष तिसऱ्याच गाडीकडे. बापू दिवसातून दहा वेळा म्हणतात, "दम धर ना भो!"

*

मागच्या हिवाळ्यात एका मॅडमची जुनी ऑटोमॅटिक आली. मॅडम काठी गावाच्या रस्त्याला, डोंगरातल्या शाळेत पहिलीला शिकवतात. डावा पाय लहानपणापासून अधू, म्हणून क्लचची गाडी जमत नाही, जीपमध्ये चढवत नाही. आता हिचा गिअर पडेना, चढाला झटके.

"भाऊ, ही गेली तर मला बदली मागावी लागेल. माझी पोरं सुटतील हो."

मी लगेच बॉनेट उघडलं.

*

तेवढ्यात तापीकाठचे एक केळीवाले काका आले. पहिल्यांदाच ऑटोमॅटिक घेतलेली, तीही सेकंडहँड. उतरल्या उतरल्या बोंब, "भाऊ, मन्हा क्लच चोरी गया!"

म्हटलं, "काका, हिला क्लच नसतोच."

"मंग डावा पायनं काय काम शे?"

"काही नाही. आराम."

काका विचारात पडले. बाकावरून मॅडम म्हणाल्या, "काका, रिकामाच राहणार असेल तर मला द्या!"

आधी मॅडमच हसल्या, मग आम्ही.

*

त्याच दुपारी एक ड्रायव्हर आला. डॅशबोर्डवर गिअरचा लाल दिवा लागला होता म्हणे. दिवा कुठाय? पठ्ठ्याने खिशातून काढून दाखवला! "बल्बच काढी टाका. फॉल्ट गया!"

*

मॅडमच्या गाडीला आमचं फॉल्ट वाचायचं स्कॅनर बसेना. पिनच वेगळी. बापू म्हणाले, "जुनी शे भो, ती दिवावरी बोलस."

म्हणजे असं, की बॉनेटखाली दोन पिना वायरने जोडायच्या, मग डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकतो. आधी एक आकडा, जरा थांबतो, मग दुसरा. मग मोठा थांबा, पुन्हा तेच. ते मोजायचं आणि पुस्तकात त्या नंबरचा फॉल्ट बघायचा.

मी वायर जोडली. इतक्यात फोन. फोन ठेवून डोकावलो, दोन वेळा लागला, थांबला, चार वेळा लागला. चोवीस! पुस्तकात चोवीस नाहीच. हवा भरायला एक जण आला, त्याचं उरकून पुन्हा डोकावलो. पुन्हा चोवीस! शहाद्याच्या मेकॅनिक मित्राला फोन लावला. तो म्हणाला, पुस्तकातच नाही म्हणजे कॉम्प्युटर गेला, गाडी भंगारात.

मॅडमना तसंच सांगून टाकलं.

त्यांनी पर्समधून कागद काढला, ड्रायव्हरच्या सीटवर बसून बदलीचा अर्ज लिहायला घेतला. दोन ओळी झाल्या आणि पेन थांबलं. समोर दिवा लुकलुकतच होता. त्यांचे ओठ हलायला लागले.

"भाऊ, हे बेचाळीस आहे."

"चोवीस आहे, मॅडम! दोनदा मोजलं मी!"

"दोन्ही वेळा मधूनच सुरू केलंत. मोठा थांबा येऊ द्या, मग मोजा."

बापूंनी माझा खांदा दाबून मला जागेवरच उभं ठेवलं. मोठा थांबा आला. चार. थांबला. दोन.

बापूंनी पुस्तक उघडलं. "बेचाळीस… स्पीड सेन्सर! गिअरबॉक्स चांगला शे!"

खाली शिरून बघतो तर सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली. अर्ध्या तासाचं काम. बापूंनीच केलं, मला हात लावू दिला नाही.

गाडी चढावर जाऊन आली, एक झटका नाही. मॅडमनी अर्ज फाडला.

मी मान खाली घालून म्हणालो, "चुकलं, मॅडम."

"अहो, आमची पोरंही बेचाळीस म्हटलं की आधी दोन लिहितात, मग चार."

गाडी सुरू झाली. काच खाली आली.

"सोमवारी शाळेत या, भाऊ. पहिलीत एक जागा आहे."