अक्काच्या परसातल्या छत्र्या

बसूचा फोन आला तेव्हा मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. “काकू... आई गेली,” एवढंच म्हणाला. मागे मेघाचं, त्याच्या बायकोचं, रडणं ऐकू येत होतं. फोन ठेवल्यावर मी काय केलं, तर राहिलेल्या शेंगा मोडून संपवल्या. मग उठून मधल्या भिंतीपाशी गेले आणि शेजारच्या कुलूप लावलेल्या घराकडे बघत उभी राहिले. महादेवीअक्का पुण्याला मुलाकडे गेली होती. धाप फार लागायची, म्हणून मोठ्या डॉक्टरांना दाखवायला. गाडीत बसताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली होती, “हत्तीचा पाऊस लागायच्या आत येते बघ. त्याच्या आधी मागं काय उगवलंच तर मला फोन कर.” बसूचा फोन आला तो भाद्रपदातच. हस्ताचा पाऊस नंतर लागला. यंदा चांगला झाला.

आमची घरं सोलापुरात विजापूर रोडच्या एका जुन्या वसाहतीत, पाठीला पाठ नव्हे, खांद्याला खांदा लावून उभी आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा अक्काचं शिवणयंत्र पुढच्या खोलीत चालू असायचं. सगळ्या वसाहतीचे ब्लाऊज तीच शिवायची. तिचं माहेर मैंदर्गीचं, त्यामुळे माप घेताना आकडे कानडीत पुटपुटायची आणि चूक झाली की “अय्यो” म्हणून स्वतःवरच हसायची. माझ्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी मोठी, पण पहिल्याच आठवड्यात म्हणाली, “अहोजाहो करू नकोस, मला म्हातारी झाल्यासारखं वाटतंय.” तेव्हापासून ती माझी अक्का. तिचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. परसातलं कडुलिंबाचं झाड त्यांनी लावलेलं. लांबच्या फेरीवरून आले की त्या झाडाखाली बाज टाकून झोपायचे, आणि अक्का यंत्र बंद ठेवायची, आवाजानं जाग येऊ नये म्हणून.

अण्णा गेले ते त्याच बाजेवर, झोपेत. त्यानंतर दुसऱ्याच वर्षी वैशाखातल्या वादळात लिंब मुळापासून वरपर्यंत फाटला. वखारवाले येऊन करवतीनं कापून लाकूड घेऊन गेले, जमिनीत फक्त बुंधा राहिला. अक्कानं त्या दिवशी मागचं दार लावलं ते लावलंच. कपडे पुढे वाळत घालायची, भांडी आत घासायची. शिवणही हळूहळू सुटलं. मी काही बोलायला गेले की म्हणायची, “डोळं दुखतात गं.” डोळे दुखत नव्हते, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं... पण अशा वेळी काय बोलायचं असतं, ते मला कधी कळलेलं नाही. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचे, एवढंच.

अशी काही वर्षं गेली. मग एका आश्विनात रात्रभर पाऊस झाला आणि मागची पन्हळ तुंबून तिच्या स्वयंपाकघरात पाणी शिरायला लागलं. दार उघडणं भागच होतं. सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, “सुनंदा! ये की गं लवकर, हितं काय तरी झालंय!” मी धावत गेले. लिंबाच्या बुंध्याभोवती शेकडो कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या होत्या. करड्या, टोपडी घातल्यासारख्या, एकमेकींना चिकटून. समोरच्या आजींनी फाटकातूनच सांगितलं, हे घराला चांगलं नव्हे, उकळतं पाणी ओत. अक्कानं खरंच पातेलं चुलीवर ठेवलं. पाणी उकळलं, तिनं पदरानं पातेलं धरून बाहेर आणलं, वाकली... आणि वाकलेलीच राहिली. “अगं,” म्हणाली, “हिच्या आतल्या चुण्या बघ. इतक्या बारीक मला पण जमल्या न्हाईत कधी.” पातेलं तसंच खाली ठेवलं. दुपारपर्यंत त्या सगळ्या छत्र्या विरघळून शाईसारखं काळं पाणी झाल्या. अक्का ते बघत पायरीवर बसून होती. जेवायलाही तिथंच बसली.

त्यानंतर दर वर्षी पाऊस सरत आला की आमच्या सकाळी तिच्या परसात जाऊ लागल्या. आम्हा दोघींना त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. नावं अक्काच ठेवायची, शिवणकामातली. एकीच्या कडेला पिको केलाय, दुसरीला अस्तर लावलंय, तिसरी नुसतीच कच्च्या टाक्यावर उभी आहे. बुंध्याच्या कुशीतून पापडासारखे कडक थर बाहेर यायचे, त्यांना ती कॉलर म्हणायची. एकदा कुजक्या ढलपीवर तिला डाळीएवढाल्या वाट्या सापडल्या, प्रत्येकीत बारीक करडी अंडी ठेवल्यासारखी. “सुनंदा, घरटी हायत गं ही! ह्यांची पाखरं केवढी असतील?” म्हणाली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवाळीत तिनं यंत्राला तेल घातलं. पहिला ब्लाऊज माझा शिवला आणि बाही जरा घट्ट झाली. मी तो तसाच घातला.

मैंदर्गीहून तिची धाकटी बहीण एकदा आली होती. छत्र्या बघून तिनं आधी पदर खोचला. “भाजी करू की अक्का! गावाकडं खातात, लई ग्वाड लागतंय.” अक्का म्हणाली, “गावाकडची येगळी, ही येगळी. तुला ओळखतंय का कुठली कुठली ते?” बहीण म्हणाली, “खाल्ल्यावर कळंल की.” अक्का पायरीवरून उठून बुंध्यापुढे आडवी उभी राहिली. “तुला कळंल, पण तुझ्या मालकाला मी काय सांगू?” शेवटी पिठलं झालं. बहीण दोन दिवस रुसून होती.

खरा पेच बसूनं आणला. त्याला आईची काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. परसात शेवाळ धरतं, ही एकटी राहते, घसरून पडली तर बघणार कोण... म्हणून बुंधा उपटायचा आणि मागं सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवायचे, असं त्यानं ठरवलं. दसऱ्याला आला तो ठेकेदाराशी बोलूनच. मायलेकांचा आवाज चढला, तो मला इकडे ऐकू आला. “आई, कुत्र्याच्या छत्र्यांसाठी पाय मोडून घेणार का तू?” दुसऱ्या दिवशी उजाडताना अक्कानं त्याला उठवलं, हाताला धरून मागं नेलं आणि म्हणाली, “बस हितं. चहा आणते.” मी भिंतीशी फुलं तोडत होते. बसू आधी मोबाइल बघत होता. मग त्यानं मोबाइल खिशात ठेवला. चहा आला तेव्हा तो उकिडवा बसून एका छत्रीच्या खाली डोकावत होता, लहानपणी मांडीत गोट्या मोजत बसायचा तसा.

“हे दुपारी राहत नाही म्हणतेस?”

“न्हाय राहत.”

“अण्णा असते तर त्यांना दाखवलं असतं...”

“अण्णा असते तर झाड असतं रे,” अक्का म्हणाली. “मग हे कुठनं असतं?”

बसूनं कप खाली ठेवला. मग तो रडला. बाप गेल्यावर त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. अक्का त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मी माझी अर्धी परडी घेऊन आत आले. ब्लॉक बसलेच, पण दारापासून निम्म्या परसापर्यंत. ती वेडीवाकडी कड अक्काला अजिबात आवडली नाही. “ह्याला मापच घेता येत न्हाय,” असं ती शेवटपर्यंत म्हणत होती. पण पाऊस पडला की पुण्याहून बसूचा फोन यायचा, “आई, आलं का काही?” आणि मग मायलेक कितीतरी वेळ बोलत राहायची. त्याआधी त्यांचे फोन औषध घेतलं का, जेवलीस का, एवढ्यावर संपायचे.

दिवसकार्य झाल्यावर बसू आणि मेघा घर आवरायला आले. मी किल्ली घेऊन गेले. घर विकायचं की ठेवायचं, हे दोघांचं अजून ठरलेलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मेघानं मागचं दार उघडलं. आतल्या बाजूला अक्काच्या निळ्या रबरी चपला होत्या, उजवीचा पट्टा जाड दोऱ्यानं शिवलेला. टाका तिचाच, सरळ आणि बारीक. तळव्याला वाळलेली माती होती. मेघानं त्या धुवायला उचलल्या, तसा बसू म्हणाला, “असू दे. परत चिखलातच जायचंय.” मेघानं त्या खाली ठेवल्या आणि त्यांत पाय घालून ती बाहेर उतरली.

ती दोघं आता पुण्याला परत गेली आहेत. चपला दाराशीच आहेत. सकाळी मी किल्ली घेऊन जाते आणि त्याच घालून परसात उतरते. अक्काचा पाय मोठा होता. मला त्या बऱ्याच सैल होतात, त्यामुळे फार सावकाश चालावं लागतं.