चावी देण्याआधी

रामकिशन मिस्त्रीकडून गाडी परत घ्यायची म्हणजे तोंडी परीक्षाच असायची. नरसी रोडला पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज होतं. काम झालं की तो चावी मुठीत धरून उभा राहायचा, गाडीत काय नवीन केलंय आणि काय सांभाळायचं ते सांगायचा, आणि सांगून झालं की म्हणायचा, "आता तुमी म्हणून दाखवा." म्हणून दाखवलं नाही तर मूठ उघडायची नाही. एका मोठ्या साहेबांच्या ड्रायव्हरला त्यानं यापायी तासभर बाकावर बसवून ठेवलं. ड्रायव्हर तणतणत निघून गेला. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आले आणि मुकाट्यानं म्हणून गेले.

मला या प्रकाराचा मनस्वी राग यायचा. मी कोर्टातला लिपिक, नोकरीभर दुसऱ्यांचे जबाब लिहून घेतलेला माणूस. मलाच हा शाळेतल्या पोरासारखं उभं करतो म्हणजे काय? एकदा मी त्याच्यावर ओरडलोही. तो फडक्याला हात पुसत म्हणाला, "देवा, नुसतं ऐकल्यालं माणूस इसरतंय. स्वताच्या तोंडानं म्हणलं की ध्यानात ऱ्हातंय." आमच्या घराण्याकडे देवीच्या मंदिराची पूजा, म्हणून तो मला देवा म्हणायचा. माझ्यात देवपणाचा अंश नाही, हे त्याला तीस वर्षांत पुरेपूर कळलेलं असणार.

आमची गाठ पडली ती वडिलांच्या अँबॅसिडरमुळे. पांढरी, पेट्रोलवर चालणारी, पन्नास वर्षांची. माझ्या तिन्ही बहिणी त्याच गाडीतून सासरी गेल्या. तिला खोड एकच. ऊन चढलं की इंजिनाला चिकटून असलेला पेट्रोलचा पंप तापायचा, आतल्या आत पेट्रोलची वाफ व्हायची आणि बाईसाहेब भर रस्त्यात थांबायच्या. मग त्या पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि लिंबाखाली बसून राहायचं. ते फडकं आणि पाण्याची बाटली रामकिशननंच डिकीत ठेवून दिली होती.

दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात माझ्या मुलीचं, अनुश्रीचं लग्न ठरलं. सासर वसमतचं. तिचा धाकटा भाऊ अपूर्व पुण्याहून रजा काढून आला आणि येताच त्यानं जाहीर केलं, "ताई आजोबांच्याच गाडीतून जाणार, आणि गाडी मी चालवणार." मला तर डोळ्यांसमोर दिसायला लागलं, की औंढ्याच्या पुढे भर उन्हात गाडी उभी आहे आणि नवरी बोनेटमध्ये पाणी ओततेय. मी रामकिशनकडे गेलो.

तो म्हणाला, "विजेवरचा पंप बसवू. इंजिनापासून लांब, मागं टाकीपाशी. मंग गरम व्हायचा सवालच न्हाई." नांदेडहून पंप मागवला. दोन दिवस गाडीखाली पालथा-उताणा होऊन त्यानं तो रबराच्या गादीवर बसवला, नव्या नळ्या ओढल्या, जुना पंप काढून तिथं पट्टी ठोकली. लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यानं मला बोलावलं आणि चावी फिरवली. मागून टकटक टकटक असा आवाज आला. रामकिशन हसत म्हणाला, "ऐका देवा, म्हातारीला नवं काळीज बसलं."

मग त्याचा चेहरा जरा उतरला. "एक काम राहिलंय. जुना पंप इंजिनावर चालायचा, इंजिन थांबलं की त्यो बी थांबायचा. ह्यो चावीवर चालतो. इंजिन मेलं आन् चावी चालूच राहिली, तर ह्यो पेट्रोल फेकतच ऱ्हाईल. त्येच्यासाठी मधी कटऑफ स्विच लागतो. त्यो परवा येऊन राहिला."

"परवा? उद्या बाराचा मुहूर्त आहे," मी म्हणालो. "परवा काय तिची पूजा मांडू? दे डायरेक्ट जोडून. स्विच मागाहून बसव."

तो पाना उचलून परत गाडीखाली शिरला. त्यानं तेव्हा नाही म्हणायला हवं होतं, हे खरं आहे. पण त्याच्या तोंडातला नकार काढून घ्यायला मी तिथे उभा होतो, हेही खरं आहे.

लग्नाच्या सकाळी गाडी धुऊन, झेंडूच्या माळा बांधून तो स्वतः घेऊन आला. मांडवाच्या दारातच, चावी मुठीत धरून त्यानं मला अडवलं. "देवा, आज तर म्हणून दाखवाच. अन् अपूर्वदादाला बी बोलवा. गाडी कुटं ठोकली, पलटी झाली, तर सगळ्यात आधी चावी..."

"रामकिशनभाऊ!" माझी बायको, सुनीती, हातात ओवाळणीचं ताट घेऊन तिथूनच चालली होती. "अहो, मुलगी सासरी निघालीय आज. मांडवात उभं राहून असलं अभद्र नका बोलू. आधी जेवून घ्या बघू."

भोवतीच्या बायका त्याच्याकडे बघायला लागल्या. रामकिशन एवढाएवढासा झाला. मी हात पुढे केला. त्यानं मूठ उघडली. तीस वर्षांत पहिल्यांदाच मला न म्हणता चावी मिळाली आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. तो पंगतीत बसून जेवला. नंतर अपूर्वला शोधत होता म्हणे, पण तो वरातीच्या गडबडीत होता. उद्या स्विच बसणारच आहे, असं मनाशी म्हणून रामकिशन घरी गेला.

गाडी वसमतपर्यंत एकदाही थांबली नाही. बहिणीला सासरी पोचवून अपूर्वनं मला फोन केला. "बाबा, फडकं कोरडंच आहे!" एवढं बोलून हसला. त्याचा आवाज मी ऐकला तो तेवढाच शेवटचा.

परत येताना, दिवस मावळायच्या आधी, जवळा बाजारच्या अलीकडे रोही, म्हणजे नीलगाईचा नर, आडवा आला. त्याला चुकवायला गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली. शेतातून मुन्ना नावाचा एक माणूस धावत आला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. दवाखान्यात त्यानं मला सांगितलं, "दादा सुद्धीत व्हते. पाय अडकला व्हता, मी दार वढून राहिलो व्हतो. गाडी तर बंद पडली व्हती, पण मागून टकटक आवाज येऊनच राहिला. काहून येऊन राहिला ते मला काय समजंना, काका. अन् मंग एकदम भडका झाला."

माझा अपूर्व सव्वीस वर्षांचा होता.

तपासणीच्या अहवालात आलं की पंपाला सुरक्षेचा स्विच नव्हता. पोलिसांनी मला विचारलं, पंप कोणी जोडला? मी सांगितलं, रामकिशन मिस्त्रीनं. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. जबाबात एक अक्षर खोटं नव्हतं. विचारलं तेवढंच सांगून बाकीचं कसं झाकायचं, ते मी चौतीस वर्षं बघत आलो होतो. रामकिशनला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "व्हय, म्याच जोडला. चूक माझी." माझं नावही घेतलं नाही. त्याला जामीन मिळाला, पण गिऱ्हाईक गेलं. पोरगं जाळलं त्यानं, असं गावात बोलायला लागले. शेडला कुलूप लागलं. मी नरसी रोडनं जाणं सोडलं.

दीड वर्षानं खटल्याची तारीख लागली. आठवडाभर आधी रामकिशन आमच्या फाटकाशी आला. आत येईना. वाळून अर्धा झाला होता. मला लाज वाटली आणि इतके दिवस मनात घोळवलेलं मी बोलून टाकलं. "रामकिशन, मी कोर्टात खरं सांगणार आहे. डायरेक्ट जोड म्हणून मीच सांगितलं."

"नका सांगू," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुमी सांगसाल, मंग चावी देताना काय झालं ते वकील ईचारतेल. मंग वैनीचं नाव निघंल. त्यांनला ते आजून आठवलं न्हाई. आठवलं तर त्या जगतील का?" मग त्यानं विचारलं, "वैनीला साक्षीला बोलावतेत का?"

"यादीत दोघांची नावं आहेत."

"अन् मी गुन्हा कबूल केला तर?"

"मग साक्षीदार कशाला लागतात? लगेच निकाल." लिपिकाच्या सवयीनं मी उत्तर देऊन मोकळा झालो.

"बराबर," म्हणून तो निघून गेला. मला सुटल्यासारखं वाटलं. माणूस किती हलका असू शकतो ते त्या दिवशी मला माझ्यावरून कळलं.

तारखेच्या सकाळी सुनीती तयार होऊन दारात उभी होती. "मला साक्ष द्यायचीय," ती म्हणाली. "त्यांना मी गप्प केलं, ते सांगायचंय."

मी चप्पल घालता घालता थांबलो. ती म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून आठवतंय. तुम्ही कधी बोलताय, याची वाट बघत होते मी. आणि डायरेक्ट जोडायला तुम्ही सांगितलंत, तेही सांगणार आहे. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तुम्हीच ते अपूर्वला सांगितलंत, आणि त्यानं मला."

आम्ही कोर्टात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. पुकारा होऊन गेला होता. रामकिशननं वकिलाचं न ऐकता गुन्हा कबूल केला होता. सहा महिने. दोन शिपाई त्याला घेऊन व्हरांड्यातून येत होते. सुनीती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, मी तुम्हाला बोलू दिलं नाही."

रामकिशनचे डोळे भरून आले. "न्हाई वैनी. तुमी तर मला जेवा म्हणल्या."

शिपाई तिला बाजूला व्हायला सांगत होते. ती हलली नाही. त्याच्यासमोर हात जोडून, शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी राहून ती म्हणाली, "गाडी ठोकली, तर सगळ्यात आधी चावी काढायची."

रामकिशननं मान हलवली. मग शिपाई त्याला जिन्याकडे घेऊन गेले.