एरंडेल प्यायलेलं तोंड

ती बाई मला एकदाच भेटली, अ‍ॅमस्टरडॅमच्या एका म्युझियममध्ये. अठराव्या शतकातल्या कुणा शिल्पकाराने घडवलेली डोकी ओळीने मांडली होती. एक शिंकण्याच्या बेतात, एक रडवेलं, एक फिदीफिदी हसणारं. बघणारे मात्र मयताला आल्यासारखे गंभीर. पहाऱ्यावरची ही साठीची, सहा फुटी बाई कोपऱ्यात ताठ उभी.

एका डोक्यापुढे मी एकटाच बोलून गेलो, "अगदी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड!"

"काय म्हणालात?" तिने इंग्रजीत विचारलं.

एरंडेलाला इंग्रजीत काय म्हणतात ते आयत्या वेळी आठवेना, म्हणून मी तोंडच करून दाखवलं. तिने लगेच बरोब्बर त्याच डोक्याकडे बोट केलं. मग इकडेतिकडे बघून तिने गाल फुगवले, डोळे तिरळे केले. आता मी ओळखायचं! हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

तेवढ्यात माणसं आली. तिचा चेहरा एकदम कोरा.

"आणि हा कुठला?" मी विचारलं.

"हा पगाराचा," ओठ न हलवता ती म्हणाली.

सोमवारी ऑफिसची ऑनलाइन मीटिंग होती. स्क्रीनवर ओळीने नऊ डोकी, नऊही पगाराची. मधलं माझं.

मी हळूच एरंडेल प्यायलो.