वकिलाने जिंकलेला एक वाद

वकील म्हणजे कोर्टातला वकील नव्हे, बरं का. काळा कोट त्याने उभ्या जन्मात अंगावर चढवला नाही. तो बस डेपोत मेकॅनिक होता, आणि नोकरी संपली तरी नखांतलं ग्रीस काही गेलं नाही. वकील हे नाव त्याला गॅरेजमधल्या मंडळींनी दिलं, कारण बसखाली उताणा पडलेला असतानासुद्धा हा माणूस बाहेर उभ्या असलेल्याशी हुज्जत घालायचा. पाना मागितला, तो नटाला बसला नाही, तर आपण चुकीच्या मापाचा मागितला हे कबूल करण्यापेक्षा तो नटच चुकीचा ठरवायचा. आणि ठरवून दाखवायचा! शेवटी समोरचा हात टेकायचा, "बरं बाबा, नट चुकला. आता गाडी सोड."

त्याच्या बायकोने त्याच डेपोच्या तिकीट खिडकीवर जन्म काढला. रांगेतल्या हुज्जतखोरांना ती एका शब्दात गार करायची, "पुढचा!" तोच शब्द तिने घरी आणला. नवऱ्याची वकिली फार लांबली की हातातलं काम न थांबवता ती म्हणायची, "पुढचा!" आणि वकील गप्प बसायचा. तात्पुरता.

त्याचा एक हट्ट मात्र जगावेगळा होता. ज्या इंजिनात आपला हात गेला नाही त्या गाडीत बसायचं नाही. डेपोच्या बसमध्ये बसायचा, कारण त्यातली प्रत्येक त्याने कधी ना कधी उघडली होती. तो निवृत्त झाला, डेपोत नव्या बस आल्या, आणि तोही प्रवास बंद पडला. उरली त्याची जुनी मोटार. ती सकाळी खोकत उठायची, गल्लीभर निळा धूर सोडायची, आणि शेजारीपाजारी पटापटा खिडक्या लावून घ्यायचे. "आवाज ऐका, आवाज!" वकील म्हणायचा. "असा आवाज आता मिळणार नाही." मिळू नये अशीच सगळ्यांची इच्छा होती, पण त्याच्याशी वाद कोण घालणार?

या मोटारीतून तो दर रविवारी धक्क्यावर कोळंबी आणायला जायचा. मासळीबाजार घरापासून हाकेच्या अंतरावर, धक्का शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे माल ताजा मिळतो, असं त्याचं म्हणणं. खरं कारण बायकोला ठाऊक होतं. धक्क्यावर वाद घालायला माणसं मिळायची. पिशवीभर कोळंबीसाठी हा माणूस अर्धं शहर धुरात बुडवून यायचा आणि वर म्हणायचा, "बघ, अजून मिशा हलतायत."

त्याची एकुलती एक मुलगी लांबच्या शहरात शाळेत विज्ञान शिकवायची. ती बोलायला लागली तीच "का?" म्हणत, त्यामुळे गल्ली तिला धाकटी वकील म्हणायची. रेल्वेने तिच्या गावाहून यायचं तर दोन रात्री मोडायच्या. म्हणून दोन-चार दिवस जोडून सुट्टी आली की ती विमानाने यायची. विमान हवेत असेपर्यंत वकिलाचा जीव टांगणीला. "त्या इंजिनात कुणाचा हात गेलाय कोण जाणे," म्हणत दारात येरझाऱ्या घालायचा. ती आली की तिची बॅगसुद्धा उचलायचा नाही, आधी विचारायचा, "भूक लागली ना?" याचं प्रेम हे एवढंच. पण होतं, आणि भरपूर होतं.

तर त्या वेळी असं झालं. ती आली होती, रविवार होता. वकील उजाडताच धक्क्यावर जाऊन तिच्यासाठी मोठी मोठी कोळंबी निवडून घेऊन आला. बायकोने ओट्याशी उभं राहून ती सोलली, एकेकीच्या पाठीतला काळा दोरा काढला, तळली. ताट समोर आलं, आणि मुलीने ते हळूच बाजूला सरकवलं.

"मी सोडली बाबा, कोळंबी."

"सोडली म्हणजे? पोट बिघडलंय का?"

"पोट ठीक आहे. मुलांना घेऊन आमच्याकडच्या धक्क्यावर गेले होते. ट्रॉलर रिकामा होताना पाहिला." मग तिने सांगितलं. जाळं समुद्राचा तळ खरवडत जातं. कोळंबीबरोबर बोटाएवढी पिल्लं, खेकडे, जे सापडेल ते वर येतं. थोडी कोळंबी निवडून ठेवतात आणि मेलेल्या पिल्लांचे ढीग फावड्याने परत पाण्यात लोटतात. "वर्गातल्या एका मुलीने विचारलं, मग पुढच्या वर्षी मोठं कोण होणार? मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून घास उतरत नाही."

आता खरं सांगायचं तर वकिलालाही ते ऐकून कसंसंच झालं. पण ते सरकवलेलं ताट त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. पहाटे उठून कुणासाठी गेलो होतो मी? हे लागलं त्याला, चांगलंच लागलं. आणि लागलं की माणसं रडतात, रुसतात, उठून जातात. हा वाद घालायचा.

"आणि तू आलीस कशी?" त्याने विचारलं.

"कशी म्हणजे? विमानाने."

"हां! म्हणजे विमान काय हवा खाऊन उडतं? माझी मोटार दहा वर्षांत सोडते तेवढा धूर तू एका फेरीत सोडून आलीस, आणि इथे येऊन माझ्या ताटातल्या चार कोळंब्या मोजतेस?"

दहा वर्षं हा आकडा त्याने तिथल्या तिथे घडवला होता. बायको म्हणाली, "पुढचा!" तो थांबला नाही. विमान झालं, तिच्या शाळेच्या सहलीची बस झाली, तिच्या खोलीतला थंड हवेचा पंखा झाला. एकेक मुद्दा बोटावर मोजत तो मांडत गेला. मुलगी पहिल्यांदा हसली, मग भांडली, मग तिने तोंड मिटलं. धाकटी वकील गप्प बसली! असं कधी झालंच नव्हतं. वकिलाने तिच्या वाटणीची कोळंबीही खाल्ली आणि दुपारी मोटार धुताना शीळ घातली.

"लाज वाटू द्या," बायको म्हणाली. तिने त्या दिवशी त्याच्यासाठी चहा केला नाही. मुलगी दुसऱ्या दिवशी परत गेली.

पुढची जोडून सुट्टी जवळ आली तसा मुलीचा फोन आला. वकिलानेच उचलला.

"बाबा, मी हिशेब करून पाहिला. तुमचा आकडा म्हणजे शुद्ध थाप होती."

"मुद्दा बघ, आकडा काय..."

"तेच म्हणतेय मी. मुद्दा खरा आहे. वर्षातून इतक्यांदा उडायचं आणि पोरांना समुद्र वाचवायला सांगायचं, हे काही बरं नाही. विमान बंद. रेल्वेने यायचं तर मोठ्या सुट्टीतच जमेल, म्हणजे वर्षातून एकदा." आणि वर म्हणाली, "तुम्ही बरोबर होतात, बाबा."

आता बोला! जे वाक्य तिच्या तोंडून ऐकायला हा माणूस ती चार वर्षांची होती तेव्हापासून धडपडत होता, ते असं मिळालं.  बायको समोर उभी राहून हाताने विचारत होती, कधी येतेय? कधी?

वकिलाने लगेच बाजू बदलली. "अगं, पण तू बसलीस काय नि नाही बसलीस काय, विमान उडणारच ना? तेवढीच एक खुर्ची रिकामी जाईल."

"आणि मी खाल्ली काय नि नाही खाल्ली काय, कोळंबी मेलेलीच होती. मग त्या दिवशी मी खायला हवी होती, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

वकिलाने फोन दुसऱ्या कानाला लावला.  "ये गं, तुझ्यावाचून करमत नाही," एवढं म्हणाला असता तर ती पोर कदाचित पायी आली असती. पण तो मुद्दा नव्हता ना! आणि मुद्दा नसलेलं बोलायची त्या मेल्याला सवयच नव्हती. "बरं," म्हणून त्याने फोन बायकोच्या हातात दिला.

सुट्टी आली आणि गेली. घर खायला उठलं. रविवारी वकील मोटार काढायचा, धूर सोडायचा आणि परत बंद करायचा. एकदा धक्क्यावर जाऊन आला तर बायकोने पिशवीत डोकावून विचारलं, "हे सोलू कुणासाठी?" पुढच्या रविवारी तो पायी कोपऱ्यावरच्या मासळीबाजारात गेला आणि मासेवालीला विचारलं, "छोट्या होडीतून गळाने धरलेलं काय आहे?"

"आहे की. नवीन राहायला आलात का इकडे?" तिने विचारलं.

"तीस वर्षं झाली," वकील म्हणाला आणि मान खाली घालून मासळी घेऊन आला. कोळंबी पुन्हा घरात आली नाही.

"सांगा तरी पोरीला," बायको म्हणाली.

"कशाला? म्हणेल, जिंकले."

मग मात्र त्या बाईचं डोकं फिरलं. ती तडक बाहेर जाऊन आली आणि रेल्वेचं तिकीट त्याच्यापुढे टेबलावर आपटलं. "मी चालले पोरीकडे. एकच काढलंय. त्या इंजिनात तुमचा हात गेलेला नाही, तेव्हा तुम्ही बसा इथे तुमच्या जिंकलेल्या वादाशेजारी."

निघायच्या दिवशी वकिलाने तिला मोटारीतून स्टेशनवर सोडलं.  बॅग जड होती म्हणून डब्यात चढला, ती बाकाखाली सरकवली, पाण्याची बाटली हाताशी ठेवली. खिडकी नीट लागते का पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. बायको म्हणाली, "उतरा आता." तो दारापर्यंत गेला आणि गाडी हलली.

लोकांनी नंतर त्याला विचारलं तेव्हा तो म्हणायचा, चालत्या गाडीतून उतरू नये, हे मी डेपोत जन्मभर ओरडून सांगितलंय. खोटं कशाला बोला? गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. सत्तरीच्या आजीबाईसुद्धा उतरल्या असत्या. वकील दारात उभा राहिला, फलाट सरकताना पाहत राहिला आणि परत येऊन बायकोशेजारी बसला.

"अहो! उतरला नाहीत?"

"राहू दे."

"आणि मोटार? बाहेर उभी आहे ना?"

"राहू दे म्हटलं ना."

थोड्या वेळाने तिकीट तपासनीस आला. बायकोने कपाळाला हात लावला. आता गार्डने शिट्टी वाजवली नाही इथपासून सुरू होणार, फलाटाच्या उंचीवर जाणार आणि रेल्वेचे सगळे नियम चुकीचे ठरवून संपणार, हे तिला दिसतच होतं. तपासनीसही मुरलेला होता. वकिलाच्या चेहऱ्याकडे बघूनच तो पाय रोवून उभा राहिला.

"तिकीट नाही," वकील म्हणाला. "चूक माझी आहे. दंड सांगा."

तपासनीस जरा गडबडला. "काही कारण वगैरे?"

"कारण आहे. ते तुमच्या कामाचं नाही."

बायकोच्या हातातली बाटली तोंडापर्यंत जाता जाता थांबली. इतक्या वर्षांच्या संसारात 'चूक माझी आहे' हे तीन शब्द तिने या माणसाच्या तोंडून एकदाही ऐकले नव्हते. तिने सरकून त्याला खिडकीची जागा दिली. वकील पुढे दोन रात्री इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून होता. "झोपा," ती म्हणायची. "तुमच्याशिवायही चालते ती."

मुलगी आईला घ्यायला फलाटावर उभी होती. आईच्या मागून बाप उतरला. अंगावर दोन दिवसांचे चुरगळलेले कपडे, हातात सामान नाही, मुठीत मोटारीची किल्ली तेवढी.

"बाबा? तुम्ही?" तिला हसू आलं आणि डोळेही भरले. "इंजिन उघडून पाहिलंत की नाही?"

"आधी माझं ऐक," वकील म्हणाला. "विमानाचं मी म्हणालो ते बरोबर होतं."

"झालं सुरू," बायको म्हणाली.

"बरोबर होतं, पण मी ते बरोबर म्हणून बोललो नव्हतो. तू ताट सरकवलंस ते मला लागलं, म्हणून बोललो. जिंकायचं होतं मला. आणि जिंकून एकटा बसलो घरात." त्याने मुठीतली किल्ली फिरवली. "कोळंबीचं तू म्हणालीस तेही बरोबर होतं. आता आणत नाही. चूक माझी आहे, बाळ. करमत नाही गं."

"पण बाबा, मी पण त्या दिवशी..."

"पुढचा!" आई म्हणाली, आणि पोरगी बापाच्या गळ्यात पडली. गर्दी वळसे घालून जात होती. जाऊ दे. बऱ्याच वेळाने तिने त्याच्या मुठीतली किल्ली काढून पाहिली.

"मोटार कुठे आहे?"

"तिकडे, स्टेशनाबाहेर."

"म्हणजे दोन दिवस तिथेच? बाबा, पार्किंगचा दंड वाढत असेल!"

"वाढू दे," वकील म्हणाला, आणि त्यावर त्याने एकही मुद्दा मांडला नाही.