खारघरच्या उतारावरचं मारवेल

फलटणहून पहाटेच्या एसटीने निघाले तेव्हा पिशवीत खुरपं, ओलं गोणपाट आणि दोन भाकऱ्या होत्या. खारघरला लोक फ्लॅट बघायला जातात, मी गवत आणायला निघाले होते.

वैरणीच्या गवताच्या चांगल्या जाती निवडून वाढवणं हे माझं काम. आमच्या प्लॉटवरचं मारवेल (गुरं आवडीने खातात ते गवत) पहिल्या कापणीला भरभरून येतं आणि दुसरीनंतर रुसून बसतं. उन्हाळ्यात खारघरला बहिणीकडे गेले, तेव्हा तिच्या सोसायटीमागच्या उतारावर एक मारवेल दिसलं. आजूबाजूला सगळं वाळलेलं, आणि हे बकऱ्यांनी खाऊनही पुन्हा हिरवं. काडी कमी, पाला जास्त, बुंध्याला फुटवेच फुटवे (नवे कोंब). असा एक ठोंब (मुळांसकट गड्डा) मिळावा म्हणून आम्ही डोंगर पालथे घालतो. उन्हात उपटलं तर जगणार नाही, म्हणून पावसाळ्यापर्यंत कळ काढली.

आणि आता येऊन बघते तर उतारावर प्लॅस्टिकचं गवत अंथरलेलं. मधोमध फोटो काढायला भलामोठा लाल बदाम. वॉचमन त्या प्लॅस्टिकवर पाइपाने पाणी मारत होते. माझं डोकंच फिरलं.

"हे काय वाढणार आहे का, काका?"

"चिखल उडतोय की ताई. सेक्रेटरी म्हनत्यात, हिरवं दिसाय पायजे." बोलणं साताऱ्याकडचं होतं.

"इथलं गवत कुठे गेलं?"

त्यांनी पाइपानेच कुंपणाकडे दाखवलं. "कालच उपटलंय. घंटागाडी यील आता."

करवंट्या, फुटक्या फरश्या बाजूला करत ढीग उपसला. तळाशी माझं मारवेल उलटं पडलं होतं. एका बाजूची मुळं सुकलेली, दुसरीकडची अजून पांढरी. ते ओल्या गोणपाटात नीट गुंडाळलं.

गेटवर सेक्रेटरींनी अडवलं. "मॅडम, पिशवीत काय? प्लांट? सोसायटीचं प्लांट असं नाही नेता येत. कमिटीची परमिशन लागते."

"अहो, तुम्हीच उपटून फेकलंय ना?"

"तो वेगळा विषय. रविवारी मीटिंग आहे, तोपर्यंत इथेच राहू द्या."

रविवारपर्यंत त्याचं सरपण झालं असतं. प्लॅस्टिकला पाणी पाजायला लावणारा माणूस मला नियम शिकवत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात वॉचमन मागून म्हणाले, "सायब, कचराच हाय त्यो."

"कचरा आहे का? मग न्या की," सेक्रेटरी म्हणाले. "आमचाच भार कमी."

परतीच्या एसटीत ते मांडीवर घेऊन बसले. रागात भाकऱ्या पिशवीतच राहिल्या.

आता ते आमच्या प्लॉटवर रुजलंय. दोनदा कापलं, दोन्ही वेळा शेजारच्या ओळींच्या आधी वर आलं. प्रत्येक ओळीपुढे गवताच्या नावाची पाटी असते. याच्या पाटीवर मी 'खारघर कचरा' असं लिहिलंय. आमचे साहेब म्हणतात, पाहुणे येतात, बरं दिसत नाही, नाव बदला.

राग गेला की बदलीन, असं मी त्यांना सांगितलंय.