खांद्यावरचा हात
ओल्या वॉर्निशचा वास आला की वडिलांच्या तेरवीच्या आदल्या दिवशीची दुपार आठवते. कुंभार पिंपळगावच्या आमच्या घरात थोरला भाऊ फोटोला फ्रेम करत बसला होता. वडिलांचा एकट्याचा फोटोच नव्हता. लग्नानंतर स्टुडिओत आईसोबत काढलेला तेवढा होता, ते खुर्चीवर आणि ती शेजारी उभी. "जित्या माणसाच्या फोटोला हार घालत न्हाईत, माय," असं म्हणत त्यानं ब्लेडनं आईला कापून वेगळं केलं. वडिलांच्या खांद्यावरचा तिचा हात मात्र काढता येईना. हिरव्या बांगड्यांसकट तो काचेखाली राहिला. भावानं हार उचलला तशी आई, नुकत्याच मोकळ्या झालेल्या मनगटावर पदर ओढत, हळूच म्हणाली, "हार नको घालू. त्यो हात जित्ता हाय." पुढं कितीतरी वर्षं रोज काच पुसताना तिचा फडका त्या हातापाशी आला की थांबायचा. उद्या तिची तेरवी. तिची फ्रेम वाळत ठेवून मी आत्ता त्या जुन्या फोटोला पहिल्यांदाच हार घातला. वडिलांचा खांदा फुलांखाली गेला, पण हार कितीही सारखा केला तरी तो हात तेवढा बाहेरच राहतो आहे.